ओळखीतलाच मुलगा हवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी पाणी किती वाजता येणार, लिफ्ट कधी सुरू होणार आणि पार्किंगमध्ये कोणाची गाडी आडवी लागली आहे, एवढंच चालतं. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोन ओळी टाकल्या. ‘आमच्या कंपनीत क्वालिटीला दोन जागा आहेत, डिप्लोमा किंवा आयटीआय. ओळखीतलाच मुलगा हवा, असेल तर पर्सनलवर कळवा.’ झालं, तीन दिवस जुंपली. निवृत्त मास्तर म्हणाले, हीच ती वशिलेबाजी, हिच्यामुळेच शिकलेली पोरं घरी बसलीत. नुकताच पुण्याहून आलेला आयटीतला एक तरुण म्हणाला, काका, जग नेटवर्किंगवर चालतं, ज्याला जमत नाही तो मागे पडतो. मग कोणी आरक्षण काढलं, कोणी परप्रांतीय काढले, मध्येच कोणी सुप्रभातचं फूल टाकलं. शंभरावर मेसेज झाले. पण कंपनी कुठली, पगार किती, माणूस कंपनीच्या रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टवर, हे एकानेही विचारलं नाही.

नाशिकमधल्या अंबडच्या एमआयडीसीत माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात. माणसं निवडायला मी बसलोय आणि ‘आपला पोरगा आहे, लावून घ्या’ म्हणणारे फोनही घेतलेत. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मास्तर आणि तो तरुण, दोघंही दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतायत. ओळखीतून माहिती येते, वशिल्यातून दाब येतो. ‘तिथे जागा निघतेय, बोअर गेज वापरता येत असेल तर जा’ ही ओळख. ‘साहेबांना सांगून ठेवलंय, तू फक्त जाऊन बस’ हा वशिला. पहिलीची लाज वाटायचं कारण नाही आणि दुसऱ्याचं कौतुक करायचं कारण नाही. मात्र ओळख मोजक्या घरांतच फिरत राहिली तर तिचाच वशिला होतो. म्हणून ती पसरवायची जबाबदारी नोकरी शोधणाऱ्यापेक्षा नोकरीत बसलेल्यावर जास्त आहे.

कारखान्यातली जागा जाहिरातीत यायच्या आधी कोणाकोणाला कळते, ते बघण्यासारखं आहे. कॅन्टीनच्या कंत्राटदाराला कळते, कारण त्याला निरोप आलेला असतो की एक तारखेपासून साठ ताटं वाढव. बसच्या ठेकेदाराला कळते, कारण पाथर्डी फाट्याहून एक जादा गाडी लावायची असते. गेटवरच्या वॉचमनला कळते, कारण कोण चार दिवस आलेलं नाही हे एचआरच्या आधी त्याच्या रजिस्टरात दिसतं. आणि टेम्पोवाल्याला कळते. मला पहिली नोकरी १९९९ साली लागली ती एका टेम्पोवाल्यामुळे. डिप्लोमा होऊन आठ महिने झाले होते, सातपूर-अंबडच्या गेटांवर अर्ज देऊन देऊन झेरॉक्सवाल्याकडे उधारी चढली होती. सिडकोत आम्ही जेवायचो त्या मेसमध्ये माल ने-आण करणारा एक टेम्पोवाला यायचा. त्याचं नाव आज आठवत नाही, तेव्हाही धड माहीत नव्हतं. एका रात्री भाकरी मोडता मोडता तो सहज बोलला, अमुक कंपनीचा माल आठवड्यातून दोनदा परत आणून टाकतोय, सगळा रिजेक्ट, तपासायला माणूसच नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी त्या गेटवर गेलो. ‘नोकरी आहे का’ असं न विचारता म्हणालो, ‘तुमचा माल परत येतोय असं ऐकलं, मला इन्स्पेक्शन येतं.’ वॉचमनने आत फोन लावला. पुढची परीक्षा माझी मलाच द्यावी लागली. टेबलावर पाच जॉब, म्हणजे तपासायचे सुटे भाग, आणि माप घ्यायचा एक झिजलेला व्हर्निअर ठेवला होता. जॉबना हात लावायच्या आधी मी व्हर्निअरचे जबडे मिटवून पाहिले आणि सांगितलं, याला झिरो एरर आहे, हा मुळातच चुकीचं माप दाखवतोय. तेवढ्यावर राहिलो. आता हा वशिला झाला का? त्या टेम्पोवाल्याची कंपनीत काडीची वट नव्हती. पण तो त्या रात्री मेसला आला नसता, तर ती नोकरी मला लागली नसती.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्यांना, नोकरीची खबर कोणाकडून लागली, हेच विचारलं होतं, आणि १९७३ साली त्याने आपला निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांमध्ये त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटणारे सहांत एकच निघाले. चतुर्थांशाहून अधिक जणांची त्याच्याशी गाठ वर्षातून एखाद वेळ पडायची, तीही पडली तर. कारण उघड आहे. मामाला आणि जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबचाच माणूस आणतो. लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले. त्यांतही अगदी घट्ट नात्यांपेक्षा बेताच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. मात्र त्यात एक मेख होती, जी नेटवर्किंगचे कीर्तनकार सांगत नाहीत. डिजिटल कामाच्या धंद्यांत लांबची ओळख चालते, जिथे तसं काम कमी तिथे जवळचीच भारी पडते. म्हणजे हिंजवडीत टेम्पोवाला चालेल, अंबडच्या शेडमध्ये अजून मामाच चालतो. माझी गोष्ट अपवादातली, हे मला कबूल करावं लागतं.

आणि इथेच मास्तरांचा मुद्दा जड होतो. असा मामा असतो कोणाला? सुरगाण्याहून किंवा पेठहून आयटीआय करून आलेल्या पोराचा मामा दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणीला आलेला असतो, क्वालिटी मॅनेजर नसतो. ओळखीवर सोडलेली भरती आपल्याच माणसांभोवती कशी फिरते, हे मुंबईच्या गिरण्यांनी पुरेपूर दाखवून दिलं आहे. खात्यात माणूस भरायचा तो जॉबर. तो गावचा, भावकीतला माणूस आणायचा, त्याला गावच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळवून द्यायचा आणि बदल्यात दस्तुरी, म्हणजे आपला हप्ता, घ्यायचा, कधी नोकरी लावताना, कधी ती टिकवताना. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले. त्याहून कडू गोष्ट वेगळीच. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात बरा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. तेव्हा ‘ओळखीने काय बिघडतं’ असं जो हसत हसत म्हणतो, त्याने ती कोणाला बाहेर ठेवून चालते हेही सांगायला हवं.

पण मग मास्तर जो उपाय सांगतात, की ओळख बंद आणि सगळं अर्जावर, तो आपण करून पाहिलेला आहे. १९५९ साली कायदा झाला. पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवायच्या. कळवणं बंधनकारक झालं, तिथूनच माणूस घेणं मात्र बंधनकारक नव्हतं. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. माझ्या पिढीतल्या प्रत्येक घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं एक एम्प्लॉयमेंटचं कार्ड असायचं. मी माझं तीनदा रिन्यू केलं, कॉल एकदाही आला नाही. राहिला प्रश्न अर्जाच्या निःपक्षपातीपणाचा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला तर साधारण एक तृतीयांश. हा अभ्यास ओळखीविरुद्ध पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण तिथे ओळख होती कुठे? जाहिरात उघड होती, अर्ज कागदी होता आणि तरीही अर्ज चाळणाऱ्याच्या मनातली भावकी जागीच होती. अर्जामुळे चाळणी स्वच्छ होत नाही. चाळणारा मात्र झाकला जातो.

मग करायचं काय? जुना एक नमुना आमच्याच रामकुंडावर आहे. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा उपाध्यांनी दोनच प्रश्न विचारले, गाव कोणतं आणि आडनाव काय. मग लाल कापडात बांधलेली एक लांबडी वही उघडली. दहा मिनिटांत आजोबांची मोडीतली सही समोर, खाली साल, सोबत आलेल्यांची नावं. त्या उपाध्यांनी मला आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांची माझ्यावर मर्जी असायचं काही कारण नव्हतं. ओळख वहीत होती, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली. अशी वही ठेवणारे आयटीआयचे एक निदेशक मला ठाऊक आहेत. कोणत्या सालचा कोणता मुलगा कोणत्या कंपनीत कोणत्या मशीनवर आहे, हे दोनशे पानी वहीत. पोरगं पास झालं की त्याने तिथे स्वतःच्या हाताने लिहायचं आणि नोकरी बदलली की फोन करून सांगायचं. मधल्या सुट्टीत कोणीही ती वही चाळू शकतो. नेटवर्किंगवर जेवढी व्याख्यानं मी ऐकली त्या सगळ्यांपेक्षा ती वही जास्त कामाची आहे.

रामकुंडाची उपमा इथेच थांबवायला हवी, कारण तिथून चालत काही मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह सुरू केला तो त्याच्या दारात. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला तरी दार काही उघडलं नाही. ‘गाव कोणतं, आडनाव काय’ हे प्रश्न अस्थींच्या वेळी आधार वाटतात, तेच मुलाखतीच्या टेबलावर विषासारखे काम करतात. मी स्वतः ते विचारलेले आहेत. समोरचा अवघडू नये म्हणून विचारतोय, असं तेव्हा स्वतःला सांगायचो. नंतर लक्षात आलं, उत्तर ऐकून मोकळा मीच व्हायचो, समोरचा पोरगा प्रत्येक वेळी व्हायचाच असं नाही. नव्या वहीत आडनावाचा रकाना नको, मशीनचा हवा.

आता मालकाची बाजू, कारण तीही खोटी नाही. चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये एचआर म्हणजे अकाउंट्सवाल्या मॅडमच. एका जागेला दीडशे बायोडेटा येतात, सगळे एकाच सायबर कॅफेत एकाच साच्यातून काढलेले, सगळ्यांची ‘हॉबी’ वाचन. त्यातून कोणाला बोलवायचं? ओळखीचा मुलगा दोन महिन्यांत पळून जात नाही, कारण आणणाऱ्याची अब्रू मध्ये असते. हे खरं आहे. पण ही अब्रू फुकट मिळत नाही, तिची किंमत त्या पोराच्या तोंडून वसूल होते. माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये (नाव सांगत नाही) सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक पोरगा होता, मामाने लावलेला. मामा तिथेच स्टोअरला. पोरगा बारा बारा तास उभा राहायचा आणि ओव्हरटाइम साध्या दराने घ्यायचा. कायद्याने तो दुप्पट दराने मिळतो हे त्याला आयटीआयत शिकवलेलं होतं, परीक्षेत त्याने लिहिलंही असेल. ‘बोलत का नाहीस?’ म्हणून मी विचारलं तर म्हणाला, ‘मामांचं नाव खराब होईल.’ मामाला विचारलं तर तो म्हणाला, ‘पोराने तक्रार केली तर मला शेठ काय म्हणतील?’ म्हणजे एका नोकरीत दोन माणसं गप्प. मालकाला स्वस्तात पडणारा ‘विश्वासू माणूस’ बऱ्याचदा असा असतो. पगाराची स्लिप, पीएफ, रजा, साहेबाची शिवी, यातलं काहीही बोलायची वेळ आली की नोकरी लावून देणारा आठवतो आणि जीभ आत जाते. वशिल्याने लागलेल्या नोकरीचा हा तोटा वशिल्याच्या विरोधकांच्याही ध्यानात येत नाही. त्यांना फक्त जागा हुकलेला दिसतो, जागा मिळालेला दिसत नाही.

त्या तरुणाच्या बाजूचंही एक न्यून सांगतो. त्याला वाटतं ओळखी वाढवणं हा स्वभावाचा प्रश्न आहे, धिटाई असली की झालं. पण आमच्याकडे ओळखी वाढतात कुठे? शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर. पाऊण तास, दोन कटिंग, कोण सोडतोय, कुठे भरती आहे, कोणता साहेब कुठे चाललाय. त्या टपरीवर पोरी उभ्या राहतात का? माझ्या खात्यातल्या दोन मुली सुटल्या सुटल्या बसमध्ये जाऊन बसायच्या, कारण उशीर झाला तर घरी उत्तर द्यावं लागायचं. एक जागा निघाली तेव्हा त्यातल्या एकीला ती चौथ्या दिवशी कळली, नोटीस बोर्डावरून. टपरीवर ती पहिल्या दिवशीच शिळी झाली होती. तिचं काम माझ्या दोन सीनियरपेक्षा चांगलं होतं. धिटाईने काय झालं असतं?

म्हणून व्यवहारात माझे नियम साधे आहेत. मागणाऱ्याने ‘काही असेल तर बघा’ म्हणून बायोडेटा टाकू नये, ते वाक्य वाचून माणूस फोन खाली ठेवतो. काय येतं ते नावानिशी सांगावं: मायक्रोमीटर, हाइट गेज, ड्रॉइंग वाचता येतं, फानुक कंट्रोलच्या सीएनसीवर सेटिंग केलंय, एक्सेल येतं पण सावकाश. मध्ये वर्षभर घरी होतो तर तेही सांगावं, लपवलेलं गॅप मुलाखतीत दुप्पट मोठं दिसतं. ‘मला लावा’ म्हणण्याऐवजी ‘तिथे काम नेमकं काय असतं’ असं विचारावं. या प्रश्नाला परका माणूसही दहा मिनिटं देतो, कारण त्यात त्याचा शब्द कुठे अडकत नाही. आणि काय झालं ते परत कळवावं, नाही झालं तरी. शंभरात पाच जण कळवतात, ते पाच माझ्या लक्षात राहतात.

सांगणाऱ्याचं काम मात्र याहून मोठं. पगार सांगा, गोड करून नको. रोल कंपनीचा की ठेकेदाराचा, पीएफ कापतात का, आधीचा माणूस का गेला, हे सांगा. माहिती आपल्या ग्रुपवर टाकलीत तर आणखी दोन ठिकाणी टाका, जिथे आपलं कोणी नाही: एखादं आयटीआय, एखादं वसतिगृह. आपला भाचा अर्ज करत असेल तर ते उघड सांगून त्या दिवशी टेबलावरून उठा. मी एकदा उठलो होतो. बहीण सहा महिने बोलली नाही. भाचा आज सिन्नरला दुसरीकडे बरा आहे, पण दिवाळीला तो विषय अजून निघतो. हे नियम पाळायला सोपे आहेत असं मी म्हणत नाही.

चौथ्या दिवशी ग्रुपवरचं भांडण थंडावल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. शेजारी चांगला माणूस आहे. ‘ओळखीतलाच’ का लिहिलं, असं विचारलं तर म्हणाला, ‘सगळे असंच लिहितात.’ त्यालाही पगाराचा आकडा पक्का माहीत नव्हता. आम्ही तिथूनच त्याच्या मॅनेजरला फोन लावला आणि त्याच्याकडून जे कळलं ते मी ग्रुपवर लिहिलं. काम इनकमिंग इन्स्पेक्शनचं, म्हणजे बाहेरून येणारा माल तपासायचं, पगार हातात अठरा हजार, पहिलं वर्ष ठेकेदाराच्या रोलवर, पीएफ कापतात, दोन पाळ्या, प्रॅक्टिकल चाचणी शनिवारी दहाला, ओळखीची गरज नाही. खाली लिहिलं, कुठेही पुढे पाठवा. मास्तरांनी अंगठा दिला. तरुणाने काहीच दिलं नाही. रात्री साडेदहाला बी विंगमधल्या एका ताईंचा मेसेज आला. मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालीये, चाचणीला येईल. फक्त एक विचारायचं होतं, दुसरी पाळी सुटल्यावर इंदिरानगरपर्यंत बस आहे का?

ते आम्ही विचारलंच नव्हतं. ‘उद्या सकाळी विचारून सांगतो’ असं लिहिलं आणि फोन चार्जिंगला लावला.